हेवर्ड फील्डच्या गावी

काही गावे देवळासाठी प्रसिद्ध असतात, काही पेढ्यांसाठी, आणि काही तर केवळ तिथल्या माणसांच्या भांडखोरपणासाठी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचे युजीन हे गाव प्रसिद्ध आहे ते धावण्यासाठी. ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या दक्षिणेला मोटारीने दोन तासांवर, विलामेट नदीच्या काठी ते वसलेले आहे. डोंगरउतारावर डग्लस फरची उंच झाडे, ऑक्टोबरपासून मेपर्यंत आपल्या श्रावणासारखी झिमझिम, आणि नदीकाठाने जिथे पाहावे तिथे धावणारी माणसे! म्हातारे धावतात, लेकुरवाळ्या बायका बाळाची गाडी पुढे ढकलीत धावतात, प्राध्यापक धावतात. (हे शेवटचे मी मुद्दाम दोनदा खात्री करून घेऊन लिहीत आहे.) नदीपलीकडच्या बागेत लाकडाच्या भुशासारख्या ढलप्या पसरून केलेली एक वाट आहे, तिच्यावरून धावताना गुडघ्यांना म्हणे मऊ वाटते. गावाने स्वतःला नावही घेतले आहे ‘ट्रॅकटाउन’.

एक गोष्ट मात्र गावाच्या जाहिरातीत सापडत नाही. विलामेटचे खोरे हे गवताच्या बियाण्याचे मोठे कोठार आहे. लोकांच्या अंगणातल्या हिरवळीचे बी इथे पिकते, आणि मे-जूनमध्ये, म्हणजे नेमका मोठ्या शर्यतींचा हंगाम असतो तेव्हा, त्या गवताचे पराग हवेत असे काही भरून राहतात, की जगातले उत्तम धावपटू आणि त्यांना पाहायला आलेले आमच्यासारखे लोक एकाच सुरात शिंकत असतात.

मी तिथे गेलो तो २०२४ च्या मेअखेरीस. माझा एक मावसभाऊ पंचवीसएक वर्षे पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोला आहे. तिथे संगणकाच्या चिप बनवणारे मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या आसऱ्याने मराठी मंडळीही बरीच. गणपती होतात, दिवाळी पहाट होते, चकली बिघडली तर पुण्याला फोन होतो. त्याची मुलगी तेव्हा अकरावीत होती. आठशे मीटर धावायची, आणि राज्याच्या शालेय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यापर्यंत पोचली होती. ती स्पर्धा युजीनच्या हेवर्ड फील्डवर होती. घरात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. विषय नुसता शर्यतीचाही नव्हता. तिला धावण्याच्या जोरावर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळणार का, मिळाल्यास किती, आणि घ्यावी की न घ्यावी, यावर आईबापांचे दोन तट पडले होते. “भाऊजी, तुम्ही कॉलेजात शिकवता, तुम्हीच काय ते सांगा,” असे वहिनींनी मला विमानतळावरच सांगून टाकले. माझी बॅग अजून यायची होती.

हेवर्ड फील्डबद्दल आधी सांगायला हवे. विल्यम हेवर्ड नावाचे गृहस्थ १९०४ पासून १९४७ पर्यंत ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. १९१९ साली बांधलेल्या मैदानाला त्यांचे नाव दिले गेले. मूळ ते फुटबॉलसाठी. धावपट्टी मागाहून, १९२१ मध्ये आली. १९२५ सालची लाकडी प्रेक्षकसज्जाची इमारत तिथे नव्वदांहून अधिक वर्षे उभी होती. २०१८ साली ती पाडली आणि २०२० मध्ये नवे, लाकडी कमानींच्या छताचे मैदान तयार झाले. नव्या मैदानाला वैभव आहे यात शंका नाही. पण जुनी मंडळी त्या लाकडी सज्जाची आठवण काढतात तेव्हा वाड्याच्या जागी अपार्टमेंट झालेल्या सदाशिव पेठकरासारखा त्यांचा चेहरा होतो. नव्या मैदानाच्या कोपऱ्यात मशालीच्या आकाराचा दहा मजली मनोरा आहे आणि त्यावर पाच जणांची भव्य चित्रे आहेत. त्यांतल्या तिघांची कथा या शिष्यवृत्तीच्या विषयाशी अशी बांधलेली आहे, की वहिनींना सांगण्यासारखे जे काही मला सुचले, ते त्या मनोऱ्याच्या पायथ्याशीच.

पहिले बिल बॉवरमन. १९४८ ते १९७२ एवढा काळ ते इथे प्रशिक्षक होते आणि त्यांच्या संघाने चार वेळा राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळवले. मनुष्य मोठा खटपट्या. बाजारचे बूट जड असतात म्हणून स्वतः कातडे कापून पोरांसाठी बूट शिवायचा. एकदा न्याहारीला बायकोचा वाफलचा साचा पाहून त्याच्या डोक्यात आले, की बुटाच्या तळाला हीच चौकडी असली तर? (वाफल म्हणजे दोन तापल्या तव्यांमध्ये दाबून भाजलेले, चौकोनी खळग्यांचे जाड धिरडे, अशी कल्पना वाचकांनी करावी.) त्याने त्या साच्यात रबरासारखे रसायन ओतले, साचा जो चिकटून बसला तो पुन्हा उघडलाच नाही. तो साचा अनेक वर्षांनी त्यांच्या घराजवळच्या जुन्या उकिरड्यात सापडला. पण त्या चौकडीच्या तळाने आणि बॉवरमनने आपल्याच एका जुन्या शिष्याबरोबर, फिल नाइटबरोबर, १९६४ साली काढलेल्या कंपनीने पुढे काय केले हे आपल्या गल्लीतल्या पोरांच्या पायांकडे पाहिले तरी कळते. तीच पुढे ‘नाइकी’ झाली.

दुसरे ओटिस डेव्हिस. हे नाव ऐकून तुम्हाला काही आठवणार नाही, पण १९६० च्या रोम ऑलिंपिकमधली चारशे मीटरची शर्यत म्हटले की लगेच आठवेल. तीच ती शर्यत, जिच्यात आपला मिल्खासिंग चौथा आला. पहिला आला तो हा ओटिस डेव्हिस, ४४.९ सेकंदांत, जागतिक विक्रमासह. आपण साठ वर्षे चौथ्या माणसाची कथा सांगतो आणि पहिल्याचे नाव विसरतो. त्यात चूक काही नाही, जिव्हाळा चौथ्याशी आहे. पण पहिल्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. डेव्हिस दक्षिणेतल्या अलाबामाचा कृष्णवर्णीय मुलगा. हवाई दलात नोकरी करून मग तो ऑरेगनला आला तो बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. धावणे त्याने सुरू केले तेव्हा वय सव्वीस! बॉवरमनकडे जाऊन त्याने मला घ्याल का म्हणून विचारले, आणि दोन वर्षांत तो रोमला पोचला. मिल्खासिंग फाळणीच्या होळीतून निघून सैन्यात भरती झाला आणि तिथे धावू लागला. डेव्हिस सैन्यातून कॉलेजात गेला आणि तिथे. एका देशाने आपल्या धावपटूला छावणी दिली, दुसऱ्याने वसतिगृह. त्या दुपारी दोघांत अंतर पडले ते सेकंदाच्याही आतले.

तिसरा स्टीव्ह प्रीफाँटेन, आणि याच्याबद्दल बोलताना युजीनमधली माणसे अजून आवाज खाली आणतात. समुद्रकाठच्या कूस बे या लाकूडतोड्यांच्या बंदरातला सुताराचा मुलगा. शाळेत असतानाच राष्ट्रीय विक्रम केलेला, तेव्हा देशभरची कॉलेजे त्याच्या दारात. हा गेला बॉवरमनकडे, युजीनला. १९७० पासून १९७३ पर्यंत सलग चार वर्षे कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेतली तीन मैलांची किंवा पाच हजार मीटरची शर्यत त्याने जिंकली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये चौथा आला. (हा चौथा क्रमांक मोठा वाईट, तो पाठ सोडत नाही.) पुढे दोन हजारांपासून दहा हजार मीटरपर्यंतचे अमेरिकी विक्रम एकाच वेळी त्याच्या नावावर होते. पण त्या काळी हौशी खेळाडूने खेळातून पैसा घ्यायचा नाही असा कडक सोवळ्याचा नियम होता. कॉलेज संपले, शिष्यवृत्ती संपली, आणि देशातला सर्वोत्तम धावपटू फिरत्या गाडीच्या घरात राहून सरकारी अन्नकुपनांवर दिवस काढू लागला. ३० मे १९७५ च्या रात्री मोटारीच्या अपघातात तो गेला. वय चोवीस.

ज्या वळणावर तो गेला तिथे टेकडीच्या रस्त्यालगत कातळाची कपार आहे. आम्ही तिथे गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. कातळाच्या पायथ्याशी पदके, छातीवर लावायचे क्रमांक, झिजलेले बूट असे कितीतरी पडले होते. आपल्याकडे म्हसोबाच्या धोंड्यापुढे नारळ असतात तसे. माझी पुतणी तिथे काही बोलली नाही. तिने खिशातून शाळेच्या स्पर्धेतला आपला एक क्रमांक काढून, घडी करून, एका दगडाखाली ठेवला, आणि आम्ही गाडीत बसल्यावर ती एवढेच म्हणाली, “काका, त्याला पैसे मिळाले असते ना, तर?” मला उत्तर सुचले नाही, तिच्या बापाला सुचले. तो म्हणाला, “म्हणूनच म्हणतो, आधी डिग्री.”

आता ही शिष्यवृत्ती म्हणजे असते काय, ते. आपल्याकडे अमेरिकेतल्या खेळाच्या शिष्यवृत्तीबद्दल एक गोड समज आहे, की मुलगा धावला, कोचने पाहिले, आणि फी, जेवण, खोली सगळे माफ. मैदानी खेळांत असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने कॉलेजांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजे खेळासाठी दमडी देत नाहीत. हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठे पहिल्या श्रेणीत असूनही देत नाहीत. जी देतात, त्यांना तेव्हा मर्यादा होती. पहिल्या श्रेणीत मुलांच्या धावण्या-उड्या-फेकीच्या सगळ्या संघाला मिळून १२.६ शिष्यवृत्त्या, मुलींच्या संघाला १८. हा दशांश अपूर्णांक मला प्रथम छापखान्याची चूक वाटला. पण तो खरा होता. बारा पूर्णांक सहा दशांश शिष्यवृत्त्यांचा एक हंडा. कोचने त्यातून पळीपळीने वाढायचे. संघात चाळीस मुले असली, आणि सर्वांना सारखे वाटले, तर एकाच्या वाट्याला तिसरा हिस्सासुद्धा येत नाही. म्हणून सारखे वाटले जात नाही. कुणाला ऐंशी टक्के, कुणाला दहा टक्के, कुणाला नुसती पुस्तके, आणि उरलेल्यांना संघाचा बनियन आणि पाठीवर थाप. या शेवटच्यांना तिकडे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. आपल्या भाषेत, पंगतीत आपले पान आपणच घेऊन बसलेले.

मुलींना जास्त का, याचे उत्तर १९७२ च्या कायद्यात आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलामुलींत भेदभाव करायचा नाही असे त्या कायद्याने ठरवले. इकडे फुटबॉलचा संघ एकटाच पंच्याऐंशी पूर्ण शिष्यवृत्त्या गिळून बसलेला, आणि त्यात मुली नाहीत. तेव्हा तराजू सारखा करायला मुलींच्या इतर खेळांत जास्त घालावे लागले.

मग कोच पळी कुणाच्या पानाकडे वळवतो? हे गणित मला पुतणीच्या शाळेच्या कोचने, मैदानाबाहेरच्या हिरवळीवर आमच्या दशम्या आणि तिळाची चटणी खातखात, समजावून दिले. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते. ते चटणीचे की परागांचे ते कळेना. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठांना गुण असतात: दहा, आठ, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. विभागीय स्पर्धेतही बहुधा तसेच. कॉलेजचा कोच मुलीच्या वेळेकडे पाहून हिशेब करतो, की ही आमच्या विभागीय स्पर्धेत आज धावली तर कितवी येईल? दोन वर्षांनी? आठशेखेरीज रिलेत चालेल का? शरद ऋतूत क्रॉसकंट्रीत धावेल का? एकाच पैशात तीन जागी गुण आणणारी मुलगी त्याला सोन्याची. तुमचा स्वभाव, तुमची जिद्द, तुमच्या आजोबांनी किती मैल चालत शाळा गाठली, हे सगळे नंतर. आधी घड्याळ. मला हे ऐकून बरे वाटले आणि वाईटही. बरे अशासाठी, की घड्याळाला वशिला कळत नाही. वाईट कशासाठी, ते पुढे येईल.

घड्याळाच्या मागोमाग गुणपत्रिका. शाळेच्या चार वर्षांत ठरावीक सोळा विषयांचे अभ्यासक्रम पुरे केलेले हवेत, त्यांत चारांपैकी निदान २.३ ची सरासरी हवी, नाहीतर पहिल्या श्रेणीत पहिल्या वर्षी मैदानात उतरताच येत नाही. आणि संघात गेल्यावर आठवड्याला वीस तास सरावाची मर्यादा कागदावर असते. “कागदावर,” असे तो कोचही म्हणाला आणि हसला. प्रवास, मालिश, व्यायामशाळा हे सारे धरले म्हणजे अभ्यासाला किती वेळ उरतो ते धावणाऱ्या मुलांनाच विचारावे.

पुतणीपुढे तीन वाटा होत्या. शेजारच्या राज्यातले एक पहिल्या श्रेणीचे विद्यापीठ चौथा हिस्सा देऊ म्हणत होते. एका लहानशा खाजगी, तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजच्या कोचने सांगितले होते, की धावण्याचे आम्ही काही देत नाही, पण तुझे मार्क पाहता अभ्यासाच्या शिष्यवृत्तीत निम्म्याहून अधिक खर्च सुटेल असा अंदाज आहे. तिसरी वाट, आपल्याच राज्याच्या विद्यापीठात घरच्या फीमध्ये जाऊन वॉक-ऑन म्हणून नशीब पाहणे. मावसभाऊ इंजिनिअर, त्याने तिन्हींची कोष्टके मांडली होती. चौथा हिस्सा मिळूनही पहिली वाट वर्षाला छत्तीस हजार डॉलरची, दुसरी बत्तीस हजारांची, तिसरी तेहतिसाची. म्हणजे ज्या वाटेला ‘खेळाची शिष्यवृत्ती’ असे नाव होते तीच सर्वांत महाग! “सरळ आहे,” तो म्हणाला, “यात विचार करायचा काय?”

पण पोरीला पहिलीच हवी होती. ती मला म्हणाली, “काका, मार्क सगळ्यांनाच पडतात. आमच्या घरात मार्क पडणं काही विशेष नाही. हे मी पायांनी मिळवलंय.” आणि वहिनी तिच्या बाजूच्या! मराठी घरातली आई खेळाच्या बाजूने आणि बाप मार्कांच्या, हे पाहून मला थोडी गंमत वाटली. मागाहून कळले, की वहिनी शाळेत असताना सांगलीकडून खोखो खेळायच्या आणि दहावीला खेळ बंद झाला. त्यांनी ते मला एकदाच, भांडी विसळताना सांगितले.

शर्यत शनिवारी होती. वर्णन करावे इतकी ती लांब नसते. आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत सगळ्या जणी एका झुबक्यात होत्या. हेवर्ड फील्डवर प्रेक्षक धावपट्टीला इतके लगटून बसतात, की वळणावर मुलींचे श्वास ऐकू येतात. घंटा वाजली तेव्हा ती नववी होती. मागच्या सरळ पट्टीवर दोघींना, शेवटच्या वळणावर आणखी एकीला मागे टाकून ती सहावी आली. २ मिनिटे १४ सेकंद आणि वर काही. मावसभाऊ, जो सकाळपासून कोष्टकांबद्दल बोलत होता, तो बाकावर उभा राहून “पळ गं बाई, पळ!” असे शुद्ध मराठीत ओरडत होता आणि पुढच्या रांगेतली एक अमेरिकन आजीबाई त्याच्याकडे कौतुकाने वळून पाहत होती.

मी भारतात परतलो आणि पुढचे सारे मला फोनवरून कळत गेले. त्याच मेमध्ये त्या क्रीडासंघटनेने न्यायालयातल्या एका मोठ्या दाव्यात तडजोड कबूल केली होती. खेळाडूंना कॉलेजांनी थेट पैसे द्यायला मोकळीक मिळणार होती. प्रीफाँटेनच्या काळचे सोवळे असे सुटले. त्याचबरोबर शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची मर्यादा जाऊन तिच्या जागी संघातल्या डोक्यांची मर्यादा येणार होती: मैदानी खेळांना ४५, क्रॉसकंट्रीला १७. तडजोडीला न्यायालयाची शेवटची मंजुरी मिळाली ६ जून २०२५ रोजी. पण कोचमंडळी आधीपासूनच याद्या कापायला बसली होती. आता हंड्याला झाकण नाही, हवे तेवढे वाढा, असे नियम म्हणतो. पण धान्य कुठून आणायचे? पैसा चालला फुटबॉलकडे. वाढप्याने पाने मात्र मोजून मांडली. २०२४ च्या ऑक्टोबरात शेजारच्या राज्यातल्या त्या विद्यापीठाच्या कोचचा फोन आला, की संघ लहान होतो आहे, परदेशातून दोन तयार मुली येत आहेत, तेव्हा तुझ्या जागेची खात्री आता मला देता येत नाही. त्या बाईंनी निदान स्वतः फोन केला. पुष्कळांना पत्रही आले नाही असे ऐकतो. मागाहून न्यायाधीशांच्या आग्रहाने अशा कापल्या गेलेल्या खेळाडूंना डोक्यांच्या मोजणीतून सूट मिळाली, पण तोवर पोरीने तिसऱ्या श्रेणीचे ते लहान कॉलेज धरले होते. २०२५ च्या सप्टेंबरात ती तिथे गेली. ‘पायांनी मिळवलेले’ तिच्या नावावर एक डॉलरही नाही, आणि ती रोज पहाटे धावते.

परदेशातून तयार मुली येतात ही तक्रार अमेरिकेत जुनी आहे. केनियाचा हेन्री रोनो वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात विद्यार्थी असतानाच १९७८ साली एक्क्याऐंशी दिवसांत चार जागतिक विक्रम करून गेला. आपल्याकडचेही लोक गेले आहेत. म्हैसूरमध्ये जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला विकास गौडा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून २००६ साली थाळीफेकीचा महाविद्यालयीन विजेता झाला. आणि दिल्लीचा तेजस्विन शंकर! आधी जलदगती गोलंदाज, मग उंच उडीकडे वळलेला हा मुलगा शिष्यवृत्तीवर कॅन्सस स्टेट विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकायला गेला आणि २०१८ साली याच हेवर्ड फील्डवर, जुना सज्जा पाडण्यापूर्वीच्या शेवटच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत, २.२४ मीटर उडी मारून पहिला आला. २०२२ साली नव्या मैदानावर पुन्हा पहिला, २.२७ मीटर. त्याच उन्हाळ्यात त्याच मैदानावर जागतिक स्पर्धा झाली. तिथे नीरज चोप्राने ८८.१३ मीटर भाला फेकून रौप्यपदक घेतले, आणि बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत अकरावा आला.

साबळ्यांचे आईवडील वीटभट्टीवर राबणारे. मुलगा शाळेला सहा-सात किलोमीटर पळत जायचा. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये, भरती झाला. धावपटू म्हणून त्याला घडवले ते सैन्याने. मिल्खासिंगच्या वेळी जे होते तेच साठ वर्षांनीही. आपल्याकडे खेळणाऱ्या पोराला सैन्य, पोलीस, रेल्वे यांनी हात दिला; शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, दहावी-बारावीला वाढीव गुण. म्हणजे खेळाचे फळ नोकरीत किंवा मार्कांत. कॉलेजने खेळाडूला सांभाळावे असा रिवाजच आपल्यात रुजला नाही. एक मोठा अपवाद सर्वांना ठाऊक आहे. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवायचे तर पैसे नाहीत, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर सात हजारांना गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. महाराष्ट्रातली पहिली ‘अॅथलेटिक स्कॉलरशिप’ कुठली असे मला कुणी विचारले तर मी त्या गहाणखताकडे बोट दाखवीन.

आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे. ऊसतोड कामगाराची. आठशे आणि पंधराशे धावते. मी युजीनहून आल्यावर वर्गात थोडे बोललो होतो, तर ती तासानंतर दारापाशी थांबली. “सर, तिकडं जायला काय लागतं?” मी सगळे सांगितले: विषय, सरासरी, इंग्रजीची परीक्षा, आणि वेळ. ती म्हणाली, “माझी टायमिंग दोन-सतरा आहे.” कुणी लावली म्हणून विचारले, तर आमच्या क्रीडाशिक्षकांनी, हातातल्या घड्याळावर, मुरमाच्या मैदानात चुन्याच्या रेघांवर. आता हेच ते मघाशी म्हटलेले वाईट. घड्याळाला वशिला कळत नाही हे खरे, पण ते घड्याळ विजेवरचे असावे लागते, धावपट्टी मोजून घातलेली असावी लागते. चुन्याच्या रेघेवरचे दोन-सतरा तिकडच्या कोचच्या दृष्टीने नुसती ऐकीव गोष्ट. तिने जिथून धावायला सुरुवात केली तिथून त्या घड्याळापर्यंत पोचणे हीच तिची पहिली शर्यत आहे, आणि तिला गुण नाहीत.

मग आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून तिला आणि तिच्या धाकट्या भावाला (एकटी कशी पाठवायची, म्हणून भाऊ) पुण्याला बालेवाडीच्या मैदानावर एका खुल्या स्पर्धेला पाठवले. कृत्रिम धावपट्टी तिने जन्मात प्रथम पाहिली. स्पाइकचे बूट उसने होते आणि अर्ध्या मापाने मोठे. तरी २ मिनिटे १६.४ सेकंद, विजेच्या घड्याळावर, छापील निकालपत्रकात. ते पत्रक, बारावीची गुणपत्रिका आणि माझ्या पुतणीने फोनवर बसून सुधारून दिलेले इंग्रजी पत्र असे तिने अमेरिकेतल्या नऊ कोचना पाठवले. वय वाढते आहे, कॉलेजची दोन वर्षे इकडे गेली आहेत, त्यांचा तिकडे काय हिशेब धरतील, हे प्रश्न आहेतच, आणि ते मी तिच्यापासून लपवलेले नाहीत. पहिल्या श्रेणीच्या पाचांकडून उत्तर नाही. दोघांनी आभार मानले. दुसऱ्या श्रेणीच्या एका कोचने उलट विचारले आहे, की पंधराशेची वेळ काय, इंग्रजीची परीक्षा कधी देणार, आणि शर्यतीची चित्रफीत आहे का?

चित्रफीत नव्हती. भावाने मोबाइल धरला होता, पण शेवटच्या वळणावर तो ओरडण्याच्या भरात आभाळाचे चित्र घेत राहिला. पुढची स्पर्धा डिसेंबरात आहे. इंग्रजीचा तास मी रविवारी सकाळी घेतो; ती येताना नऊ किलोमीटर धावत येते आणि जाताना एस.टी.ने जाते.